कपाशीतला वैरी, दारातला गालिचा

होळीच्या आसपास नागपूर जिल्ह्यातल्या नर्सऱ्यांत लॉनची विचारणा वाढते. खापरखेडाही त्याला अपवाद नाही. वीज केंद्राची वसाहत आहे, कोळसा खाणींची क्वार्टर्स आहेत, आणि शेतांवर पडलेले नवे ले-आउट आहेत. घर बांधून झाले, पोर्चसमोर तीन-चारशे फूट जागा उरली, की तिथे हिरवळ हवीशी वाटते. नर्सरीवाला चौरस फुटाचा दर सांगतो, टेम्पोतून गवताच्या पट्ट्या मातीसकट येतात आणि संध्याकाळपर्यंत अंगण हिरवेगार होते. पुढे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पार जातो आणि त्यातली बरीचशी लॉन पिवळी पडतात. मग बोल लागतो तो उन्हाला, पाण्याला, नाहीतर माळ्याला.

या गवताची वंशावळ पाहिली तर बोल भलत्यालाच लागतो आहे असे दिसते. ते उन्हाला भिणारे नाही, कारण ते इथलेच आहे. कापसाच्या शेतातून त्याला हुसकावण्यात आपल्या पिढ्यान्‌पिढ्या खपल्या. ते मरते ते खालच्या मातीमुळे. दारातल्या हिरवळीचा मागोवा घेताना मला सारखे जाणवत राहिले ते हेच, की गवत लावण्याची विद्या ही मुळात माती लावण्याची विद्या आहे.

शास्त्रज्ञ या गवताला सायनोडॉन डॅक्टिलॉन म्हणतात. आपण देव्हाऱ्यात त्याला दूर्वा म्हणतो आणि शेतात हरळी. विदर्भात हरियाली म्हणतात. त्याची एक लांब काडी जमिनीवरून उचलून पाहावी. दर दोन-तीन बोटांवर एक पेर असते. पेराच्या वरच्या अंगाला कोवळी हिरवी सुई फुटलेली असते आणि खालच्या अंगाला, माती लागली असेल तिथे, पांढऱ्या मुळ्यांचा झुपका. म्हणजे प्रत्येक पेर हे एक अख्खे रोप आहे. काडीचे दहा तुकडे केले तर दहा हरळ्या होतात. ही झाली वरची काडी. जमिनीच्या आत तिची दुसरी फौज असते, जाड, पांढरट, टोकदार धुमाऱ्यांची. काळ्या जमिनीत ते वीतभर ते हातभर खोल जातात. वरचे पान करपले, गुरांनी ओरबाडले, वणव्यात जळाले, तरी खालचे धुमारे पाऊस पडेपर्यंत दम धरून राहतात.

पेरापेरातून फुटण्याचा हा गुण आपल्या पूर्वजांनी फार लवकर हेरला होता. वैदिक अग्निचयनात विटांची वेदी रचतात. शतपथ ब्राह्मणाच्या सातव्या कांडात तिच्या विटांमध्ये एक वीट दूर्वेची सांगितली आहे. मुळासकट आणि शेंड्यासकट दूर्वा घेऊन ती वेदीवर ठेवायची, आणि त्या वेळी म्हणायच्या मंत्रात दूर्वा पेरापेरातून, कांड्याकांड्यातून उगवते हेच वर्णन आहे. मुळासकट गवत उचलून दुसऱ्या जागी मांडायचे, ही कल्पना इतकी जुनी आहे. तिचा हेतू अर्थातच अंगण सजवण्याचा नव्हता. जे कापले तरी वाढते, ते आपल्या गोठ्यात आणि वंशात उतरावे, ही मागणी होती. सावनेर-कळमेश्वर भागातल्या अदाशाच्या गणपतीला आजही दूर्वांची जुडी वाहिली जाते, आणि वडीलधारे वंश दूर्वांसारखा वाढो असा आशीर्वाद देतात, तो त्याच निरीक्षणाचा वारसा आहे.

पण जो गुण देवाला प्रिय, तोच शेतकऱ्याला जाच. खापरखेडा सावनेर तालुक्यात येते आणि हा टापू कापसाचा आणि संत्र्याचा. कपाशीच्या दोन ओळींमध्ये हरियाली शिरली की खत-पाणी आधी ती घेते आणि मग झाडाला मिळते. संत्र्याच्या आळ्यात तर ती मुळांशीच बस्तान मांडते. तिच्याशी लढण्याचे डावपेच इथल्या शेतकऱ्याने स्वतः घडवले. उन्हाळ्यात खोल नांगरट करायची, ढेकळे उलटी पडू द्यायची आणि धुमारे चैत्र-वैशाखाच्या उन्हात उघडे टाकायचे. मग वखर फिरवून मुळ्या वर आणायच्या, बायांनी त्या वेचून धुऱ्यावर ढीग लावायचा आणि पेटवायचा. दुसरा नियम त्याहून महत्त्वाचा. ओल असताना हरियालीच्या जागी तुकडे करणारे अवजार घालायचे नाही, कारण तुकडा तितकी रोपे. आज रोटाव्हेटर फिरवून हा नियम मोडणाऱ्याला पुढच्या पावसाळ्यात त्याची फळे दिसतात.

हे नियम उलटे वाचले की लॉन लावण्याचे पुस्तक तयार होते. शेतकरी ओलीत तुकडे करू नका म्हणतो. माळी नेमके ओलीतच तुकडे करतो आणि ते बोटभर अंतराने टोचतो. शेतकरी मुळी उन्हात उघडी टाकतो, तर माळी ती क्षणभरही उघडी राहू देत नाही. शेतकरी माती भुसभुशीत करून धुमारे उपटतो. माळी माती दाबून, मुळाशी हवेची पोकळी न ठेवता, तेच धुमारे रुजवतो. बागकामाच्या पाठ्यपुस्तकांत टर्फ प्लास्टरिंग नावाची एक पद्धत आजही शिकवली जाते. हरळीचे बारीक तुकडे, शेण आणि गाळाची माती एकत्र कालवून तो गारा ओल्या जमिनीवर सारवायचा. आपल्या आजीने अंगण सारवले, त्यात फक्त हरळी मिसळली, इतकाच काय तो फरक.

गालिच्यासारखी हिरवळ अंथरण्याची हौस मात्र युरोपातून आली. तेराव्या शतकात, १२६० च्या सुमारास, अल्बर्टस मॅग्नस या जर्मन धर्मपंडिताने वनस्पतींवरच्या ग्रंथात विहाराची बाग कशी करावी हे लिहून ठेवले. आधी जागेतली सगळी मुळे खणून काढा. जमीन सपाट करा. उरलेले बी आणि मुळ्या मराव्यात म्हणून तिच्यावर उकळते पाणी ओता. मग बारीक गवताचे मातीसकट कापलेले तुकडे आणून अंथरा, रुंद लाकडी मोगरीने ठोका आणि पाती दिसेनाशी होईपर्यंत पायाने तुडवा. त्यानंतर गवत केसासारखे बारीक उगवून जमीन झाकते. आज नर्सरीवाला जे काम धुम्मस किंवा रोलरने करतो, त्याचा हा साडेसातशे वर्षांपूर्वीचा पाठ. त्यातले अर्धे काम गवत येण्याच्या आधीचे आहे, हे विशेष.

पुढची काही शतके अशी हिरवळ श्रीमंतांपुरतीच राहिली. ती कोयत्याने कापावी लागे, आणि कोयता सारखा चालवणारी माणसे सरदाराकडेच असत. उरलेल्यांच्या जागी मेंढ्या चरत. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायरमध्ये स्ट्राउडच्या परिसरात लोकरीच्या कापडाच्या गिरण्या होत्या. विणलेल्या कापडावरची लव एकसारखी छाटणारे यंत्र तिथे वापरात होते. एडविन बडिंग या कारागिराला सुचले की हेच फिरते पाते गवतावर चालेल. १८३० मध्ये त्याने गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि पुढे इप्सविचच्या रॅन्सम्स कंपनीने ते बनवायला घेतले. तिथून हिरवळ मध्यमवर्गाच्या घरापुढे आली.

त्याच काळात इंग्रज इकडे पसरत होता. १८५३ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार होऊन नागपूर त्याची राजधानी झाली. सिव्हिल लाइन्समध्ये प्रशस्त आवारांचे बंगले उठले. बंगल्यापुढे हिरवळ नसेल तर साहेबाला चैन पडत नसे. ताजमहालाच्या बागेचेही व्हाइसरॉय कर्झनच्या काळात असेच झाले. जिथे फळझाडे आणि फुलझाडे दाट होती, तिथे मोकळी हिरवळ आली. पण विलायती गवत विदर्भाच्या उन्हात तगत नाही. राय, फेस्क्यू ही थंड मुलखातली गवते १५ ते २४ अंशांत फुलतात. हरळीचा बहर २७ ते ३५ अंशांत असतो. उष्णतेत आणि कमी पाण्यात अन्न बनवण्याची तिची रीतच वेगळी आहे. मका, ज्वारी आणि ऊस याच रीतीचे. तेव्हा साहेबाच्या बंगल्यापुढे अखेर जी रुजली ती शेतातली हरियालीच. ती लावणारे, पाणी देणारे, गुडघ्यावर बसून खुरप्याने तण काढणारे हातही इथल्याच माणसांचे होते. ज्या बायांनी कपाशीत तिला निंदून काढले, त्यांनीच बंगल्यावर तिच्यातून लव्हाळा निंदून काढला.

या गवताचा एक फाटा अठराव्या शतकात अमेरिकेत पोहोचला होता. तिथे त्याला बर्म्युडा ग्रास म्हणतात. जॉर्जिया राज्यात कापूस पिकतो, आणि तिथल्या कापूसवाल्याचीही या गवताबद्दल तक्रार अगदी आपल्यासारखीच. त्याच राज्यात टिफ्टन येथील संशोधन केंद्रात ग्लेन बर्टन १९३६ पासून गवतांवर काम करत होते. टिफ्टनजवळच्या एका जुन्या कापसाच्या शेतात सापडलेल्या जोमदार हरळीचा आफ्रिकी वाणांशी संकर करून त्यांनी कुरणासाठी कोस्टल हा वाण काढला. मग हरळी आणि तिची आफ्रिकेतली बारीक पानांची बहीण यांच्या संकरातून हिरवळीचे वाण आले. १९५६ मध्ये टिफग्रीन आणि १९६० मध्ये टिफवे. आज जगभरातली गोल्फची आणि खेळाची कितीतरी मैदाने या वंशाची आहेत.

या संकराने एक मोठी गोष्ट बदलली. त्याच्या दोन पालकांत गुणसूत्रे अनुक्रमे ३६ आणि १८, तर संकरात २७. अशी विषम जोडणी असलेल्या गवताला बी धरत नाही. त्याची वाढ फक्त तुकड्यांनी किंवा मातीसकट कापलेल्या पट्ट्यांनी करता येते. जे पूर्वी सोय म्हणून केले जाई, ते आता भाग पडले. गवत शेतात वाढवायचे, बोटभर मातीसह कापायचे, गुंडाळायचे आणि विकायचे. आपल्याकडे मेक्सिकन म्हणून विकली जाणारी दाट, मऊ झॉयसिया मुळात पूर्व आशियातली. तीही बहुधा पट्ट्यांनीच येते. सिलेक्शन वन नावाने मिळणारा वाण मात्र हरळीचाच. म्हणजे दुकानातल्या यादीतले एक नाव तरी आपल्या धुऱ्यावर फुकट उगवते.

आता खापरखेड्याकडे येऊ. इथल्या आजच्या वीज केंद्राचा पहिला संच १९८९ मध्ये सुरू झाला. २१० मेगावॉटचे चार संच आणि २०११ मध्ये आलेला ५०० मेगावॉटचा पाचवा, अशी मिळून १३४० मेगावॉटची क्षमता. भारतीय कोळशात साधारण ३० ते ४५ टक्के राख असते. म्हणजे वीज जितकी अखंड तयार होते, तितकीच अखंड राखही. ती पाण्याबरोबर वाहून नेऊन तळ्यात साचवली जाते. उन्हाळ्यात वरचा थर सुकला आणि वारा सुटला की तिची पूड उडते, घरात येते, पानांवर बसते. हिरवळ म्हणजे डोळ्यांना गारवा एवढेच मानणाऱ्या शहरापेक्षा इथल्या माणसाला झाकलेल्या जमिनीची किंमत जास्त कळते. उघडी जमीन उडते आणि मुळ्यांनी धरलेली जागेवर राहते.

नागपूरच्या नीरी या संस्थेतल्या आशा जुवारकर आणि सहकाऱ्यांनी खापरखेड्याच्या राखेच्या ढिगावर १० हेक्टर क्षेत्रात केलेला प्रयोग प्रत्येक लॉनवाल्याने माहीत करून घ्यावा असा आहे. त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. राखेत नत्र जवळजवळ नसते, सेंद्रिय पदार्थ नसतो, मुळांना मदत करणारे जीवाणू आणि बुरशी नसतात, आणि जड धातू असतात. अशा जागेत त्यांनी हेक्टरी ५० टन शेणखत घातले आणि नत्र देणारे जीवाणू व मुळांवर वाढणारी उपयोगी बुरशी सोडली. राखेची पाणी धरण्याची क्षमता ४० टक्क्यांवरून ६२ टक्क्यांवर गेली. नत्र साडेचार पटींनी वाढले, स्फुरद दहा पटींनी. शिसे आणि निकेल यांची विषारी मात्रा जवळजवळ निम्म्याने घटली. बांबूच्या मुळ्या खत न घातलेल्या जागेपेक्षा १५ पट वाढल्या. झाडे तीच आणि ऊनही तेच होते. बदलली ती फक्त खालची जागा, आणि तीही शेणखताने आणि त्या जीवाणू-बुरशीने.

हेक्टरी ५० टन म्हणजे चौरस मीटरला ५ किलो. हा आकडा निर्जीव राखेसाठी होता, पण घरापुढच्या जागेची अवस्था काही वेळा तिच्याहून फार बरी नसते. बांधकामाचे चुरे, सिमेंटचे पाणी, भरावाचा मुरूम आणि खाली काळी माती. काळी माती भिजली की फुगते, सुकली की भेगाळते. मेमध्ये तिला बोट जाईल अशा भेगा पडतात आणि त्या भेगांत वरची पट्टी उसवते. खालच्या मातीपर्यंत मुळे पोहोचत नसतील तर बोटभर थरावर जगणारे गवत पाण्याच्या एका चुकलेल्या पाळीने करपते.

म्हणून लॉन लावणाऱ्याने आधी महिनाभर मातीलाच द्यावा. वीतभर खणून दगड-चुरा काढायचा. हरळीचे धुमारे, लव्हाळ्याच्या गाठी वेचायच्या. शेतकऱ्याचा उन्हाळी नांगरटीचा धडा इथे तसाच कामी येतो. चांगले कुजलेले शेणखत मिसळायचे. कच्चे शेण नको, त्यातून तणाचे बी आणि उधई दोन्ही येतात. काळ्या मातीत भरड वाळू आणि खत घालून तिचा चिकटपणा मोडायचा, आणि घराकडून बाहेर असा हलका उतार द्यायचा. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत बागेची जमीन कशी तयार करावी हे सांगताना तीळ पेरा आणि फुलावर आले की तिथेच तुडवून मातीत मिसळा असे लिहिले. घाई नसेल तर आज ताग किंवा तीळ पेरून तेच करता येते.

पट्ट्या येतील त्याच दिवशी अंथराव्या. ढिगात ठेवल्या की त्या आतून तापतात आणि पिवळ्या पडतात. खालची माती आधी भिजवून ओलसर ठेवावी. एका ओळीतला सांधा दुसऱ्या ओळीच्या सांध्यासमोर येऊ नये, भिंतीच्या विटांसारखी सांधेमोड करावी. सांध्यात वाळूमिश्रित खत भरावे, वरून दाबावे आणि लगेच पाणी द्यावे. पाणी किती याचा हिशेब सोपा आहे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. ५०० चौरस फूट जागा म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटर. रोज ५ मिलिमीटर द्यायचे ठरवले तर २३० लिटर पाणी लागते. एवढे पाणी मे महिन्यात आपल्या घरी आहे का, हे मार्चमध्येच विचारून घ्यावे. नसेल तर मृगाच्या सरींची वाट पाहावी आणि जून-जुलैत पट्टीऐवजी धुऱ्यावरच्या हरियालीचे तुकडे टोचावेत.

दहा-पंधरा दिवसांनी पट्टीचा एक कोपरा हळूच उचलून पाहावा. सहज वर आला आणि खालची बाजू तपकिरी, गुळगुळीत दिसली तर मुळे अजून जुन्याच मातीत आहेत. कोपरा अडला, खाली पांढरे तंतू ताणलेले दिसले आणि त्यांच्यासोबत आपल्या जमिनीचे ढेकूळ वर आले, तर गवताने घर केले असे समजावे. त्यानंतर पाणी कमी वेळा पण खोल द्यायचे, म्हणजे मुळे खाली जातात.

जुनी हिरवळ असेल तर तिला फाल्गुनातच जाग येते. हिवाळ्यात मंदावलेली हरळी रात्रीची थंडी ओसरताच धुमारे सोडते. त्या आधी वाळलेला थर दाताळ्याने खरवडावा, काट्याने बोटभर अंतरावर भोके पाडावीत आणि चाळलेले खत व वाळू अर्धा-एक सेंटिमीटर पसरावी. युरिया द्यायचाच तर चौरस मीटरला १० ग्रॅमपेक्षा जास्त नको, आणि लगेच पाणी. पाते अडीच ते चार सेंटिमीटरवर ठेवावे आणि एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नये. आंब्या-लिंबाच्या दाट सावलीत हरळी लावण्याचा हट्ट नको, तिला ऊन हवेच.

ही सगळी माहिती पुस्तकात मिळते. पण खापरखेड्यात तिचा खरा साठा दोन ठिकाणी आहे आणि तिकडे लॉनवाला सहसा जात नाही. एक, पन्नास-साठ वर्षे हरियाली निंदलेल्या शेतकरी बायांकडे. ती कुठल्या ओलीत फुटते, कुठल्या मातीत रुसते, हे त्यांना हाताने माहीत आहे. दुसरा, राखेच्या ढिगावर शेणखताने उभ्या राहिलेल्या झाडोऱ्यात. या दोन्ही साक्षी एकच गोष्ट सांगतात. गालिचा विकत घेता येतो, जमीन मात्र घडवावी लागते. म्हणून लॉनसाठी बाजूला काढलेल्या पैशातला पहिला आणि मोठा वाटा शेणखत, वाळू आणि खोदाईवर घालावा, आणि उरलेल्यातून गवत आणावे. मातीवर खर्च केला तर धुऱ्यावरची फुकटची हरियालीही पुरते. मातीवर केला नाही तर टिफ्टनचा वाणही जून पाहत नाही.